दहावा माणूस

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला असताना, अलिबागच्या बाजूच्या एका यहुदी प्रार्थनामंदिरात मी नऊ माणसांबरोबर दहाव्याची वाट पाहत बसलो होतो. ज्या गृहस्थांनी मला बोलावले होते त्यांच्या वडिलांची त्या दिवशी पुण्यतिथी होती, आणि वडिलांसाठी कद्दिश म्हणायची तर तेरा वर्षे पूर्ण झालेले किमान दहा यहुदी पुरुष हजर असावे लागतात. दहा जणांच्या या जमावाला मिनियान म्हणतात. नऊ जण साडेपाचपासून जमले होते. त्यांत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते, दोघे सख्खे भाऊ होते, ठाण्याहून रजा टाकून आलेला एक तरुण होता आणि नुकताच तेरा वर्षांचा झालेला, शाळेच्या गणवेशातच आलेला एक मुलगा होता. दहावे गृहस्थ पेणहून एसटीने निघाले होते आणि त्यांची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली होती. तशी बाकांवर माणसे बरीच होती. एका बाजूला पाच-सहा बायका बसल्या होत्या, मंदिराची झाडलोट आणि राखण करणारा शेजारचा मुसलमान गृहस्थ दाराशी उभा होता आणि मी उसनी टोपी डोक्यावर ठेवून बसलो होतो. आम्ही सगळे हजर होतो, पण आमच्यापैकी कोणाचीही गणती त्या दहांत होत नव्हती. साडेसातच्या सुमारास पेणचे गृहस्थ हातात ओली छत्री घेऊन धापा टाकत आले. चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या छोट्या डबीला, त्यांनी बोटे लावली, ती ओठांना टेकवली, आणि ते बाकावर टेकण्याआधीच प्रार्थना सुरू झाली.

कद्दिश ही मृतासाठी म्हटली जात असली तरी तिच्यात मरणाचा एकही शब्द नाही. ती अरामी भाषेतली ईश्वरस्तुती आहे, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही, कारण ती ऐकून 'आमेन' म्हणणारा समाज समोर असावा लागतो. शोक माणूस घरात एकट्याने करू शकतो. त्या शोकाला धार्मिक विधीचे रूप द्यायचे तर दहा जणांची साथ लागते. समाज म्हणजे काय याची इतकी नेमकी आणि इतकी कमी आकड्याची व्याख्या माझ्या पाहण्यात दुसरी नाही. महाराष्ट्रातल्या यहुदी समाजाविषयी आज जे लिहिले-बोलले जाते, त्यात नेमकी हीच व्याख्या विसरली जाते असे मला वाटते, आणि हा लेख त्यासाठी आहे.

वर्तमानपत्रांत दर दोन-तीन वर्षांनी एक लेख हमखास येतो. त्याचे मथळे 'कोकणातले अखेरचे यहुदी' किंवा 'लोपत चाललेला समाज' अशा धाटणीचे असतात. सोबत गंजलेल्या कुलपाचे किंवा एखाद्या वृद्ध राखणदाराचे छायाचित्र असते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी नाकारत नाही. परंतु या लिखाणातून एक समजूत हळूहळू पक्की होत जाते: हा समाज आता संपल्यातच जमा आहे, मागे उरल्या आहेत त्या इमारती, आणि आपले कर्तव्य काय ते त्या इमारती वारसा म्हणून जतन करण्याचे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती धोरणात उतरली तर तिच्यामुळे जिवंत समाजाचे खरोखर नुकसान होईल, असे माझे म्हणणे आहे. प्रश्न भिंतींचा नंतर येतो. आधी येतो तो त्या दहा जणांना एकत्र येणे सोपे कसे करायचे याचा.

हा समाज कोणाचा, याची थोडी आठवण करून द्यायला हवी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले हे मराठी यहुदी, यांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले असे मानतात, ती नवगावची दफनभूमी आजही आहे. वाचलेली माणसे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पांगली, त्यांनी तेलाचे घाणे घातले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर, थळकर, दिवेकर. रायगडचा नकाशा समोर ठेवून ही नावे वाचली तर तालुके आपोआप डोळ्यांपुढून सरकतात. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, धर्मगुरू उरले नव्हते, हिब्रू भाषा जवळजवळ विसरली होती. 'शेमा इस्राएल' ही देव एकच असल्याची एका वाक्याची साक्ष, मुलांची सुन्नत, शनिवारची विश्रांती आणि खाण्याचे नियम एवढ्यावर त्यांनी शतके काढली. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी गृहस्थ तिथे आला तेव्हा त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि बायकांनी पर आणि खवले असलेलेच मासे रांधायला उचलले, यावरून त्याने या लोकांना ओळखले, अशी आख्यायिका आहे. मला या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची बाब अशी वाटते की धर्माची परीक्षा मंदिरात झाली नाही, कारण मंदिर नव्हतेच. ती स्वयंपाकघरात झाली आणि तीत बायका उत्तीर्ण झाल्या.

पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उभे राहिले. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजे गावच्या बोलीत सामाजी हसाजी, यांनी ते बांधले. मराठी बेने इस्राएली लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले असे ते अभिमानाने सांगतात. (पुण्यात सासून घराण्याने बांधवलेल्या ओहेल डेव्हिडला सारे गाव लाल देऊळ म्हणते. एकाच प्रकारच्या वास्तूला आपण एके ठिकाणी मशीद म्हटले आणि दुसरीकडे देऊळ, आणि दोन्हींत कोणाला काही वावगे वाटले नाही, ही मराठी मुलखाची मोठी गोष्ट आहे.) एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशा गावी मंदिरे झाली, १८७९ मध्ये ठाण्यात झाले. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अवोत १८४८ चे.

या मंदिरांभोवती जे सामाजिक जीवन तयार झाले ते हिब्रू पंचांगाचे आणि कोकणी मातीचे होते. सणांची जुनी नावेच पाहा. नववर्षाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफाळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचे दार लावून घेत आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या तिथीचा उपवास सुटताना वालाचे बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा रोजा. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही, तर गोडधोडात नारळाचे दूध आले. द्राक्षाची पवित्र मदिरा मिळत नसे, तर मनुका भिजवून त्यांचे सरबत करून त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथ-सणाचा आशीर्वाद, म्हटला जाऊ लागला. यातली एकही गोष्ट कोणा अधिकाऱ्याने ठरवून दिलेली नाही. जे हाताशी होते त्यातून नियम पाळण्याची वाट लोकांनी काढली.

मलिद्याचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण लहान समाज कशाने टिकतो हे मला त्या ताटावरून कळले. ठाण्यात एका ओळखीच्या कुटुंबाने नवे घर घेतले तेव्हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, याच्या नावाने मलिदा केला होता. मोठ्या परातीत भिजवून हलके केलेले पोहे होते, त्यांत खवलेला नारळ, साखर, वेलची, बेदाणे आणि बदामाचे काप कालवले होते. भोवताली पाच प्रकारची फळे मांडली होती आणि वर गुलाबाच्या पाकळ्या होत्या. हजानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, फळ हातात घेऊन झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हटला, मग जमिनीतून येणाऱ्या पिकाचा, मग सुगंधाचा, आणि प्रत्येक वेळी ती वस्तू हातोहात सगळ्यांपर्यंत गेली. एलियाहूचे हिब्रू गीत जी चाल घेऊन आले ती ऐकताना माझ्या शेजारी बसलेल्या हिंदू आजी नकळत मांडीवर ठेका धरू लागल्या. लग्नाआधी, बाळंतपणानंतर, आजारातून उठल्यावर, परदेशी जाताना मलिदा होतो. एलियाहूचा रथ जिथे टेकला असे मानतात तो अलिबागजवळच्या खंडाळे गावातला खडकही असाच नवस फेडण्याचे ठिकाण आहे. जगातल्या इतर यहुद्यांत हा विधी या रूपात नाही. तो कोकणात घडला, आणि इथून गेलेल्या लोकांनी तो इस्राएलमध्ये नेला.

आता संख्येकडे येतो, कारण समाज संपला असे म्हणणाऱ्यांचा सगळा भर संख्येवर असतो. १९५० च्या आसपास भारतात बेने इस्राएल लोकांची संख्या सुमारे वीस हजार होती. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या सर्व यहुद्यांची नोंद ४,६५० आहे, त्यांपैकी महाराष्ट्रात २,४६६. मधल्या काळात बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे आज भारतीय वंशाचे यहुदी ८० हजारांच्या घरात आहेत. या स्थलांतराचे कारण छळ हे नव्हते, हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. या भूमीत यहुद्यांना त्यांच्या धर्मासाठी शेजाऱ्यांनी त्रास दिल्याची परंपरा नाही आणि बेने इस्राएली लोक ते जगभर कृतज्ञतेने सांगतात. धर्मभावना होती, ब्रिटिश अमदानीत रेल्वे, टपाल, सैन्य यांत मिळालेल्या नोकऱ्यांचे भवितव्य अनिश्चित झाले होते, आणि एकदा भाऊबहिणी गेल्यावर मागे राहिलेल्यांना मुलामुलींची लग्ने जमवणे अवघड होत गेले. लहान समाजाला शेवटची अडचण फार मोठी असते. विवाह जमेना की घर हलते, घर हलले की मिनियानातला एक माणूस कमी होतो, आणि नऊ उरले की सारे अडते.

पण संख्या कमी आहे म्हणजे समाज संपला, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. धर्मशास्त्राने समाज चालू राहण्यासाठी जी किमान अट घातली आहे ती दहाची आहे. ठाण्याच्या शाआर हाशामाईममध्ये, मुंबईतल्या मागेन हसिदीम आणि तिफेरेथ इस्राएलमध्ये, पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोमध्ये ही अट आजही पुरी होते. सणावाराला जागा अपुरी पडते, मुलांना हिब्रू शिकवले जाते, सहली निघतात, लग्नात मेंदी होते. हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याच्या लेखणीतून 'अखेरचे' हा शब्द सहजासहजी उतरणार नाही.

मोजण्याच्या प्रश्नाने या समाजाला आधीही छळले आहे, आणि त्या वेळी मोजणारे परके नव्हते, आपलेच होते. बगदादहून आलेले यहुदी एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थिरावले तेव्हा त्यांनी बेने इस्राएल लोकांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली. १८३६ मध्ये सामायिक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी अशी मागणी सरकारकडे करण्यात आली. पुढे मिनियानात बेने इस्राएली माणूस मोजायचा की नाही, यावरून वाद झाले, रंगूनमध्ये तर १९३० च्या दशकात बेने इस्राएलींच्या मंदिरातल्या हक्कांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. इस्राएलमध्ये गेल्यावरही तेच. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने बेने इस्राएल व्यक्तीशी लग्न लावण्याआधी तिच्या आईची, आजीची आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी असे निर्देश काढले. कोकणातून गेलेल्या या साध्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने व पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले. आज मुंबईतल्या बगदादी यहुद्यांची संख्या अगदीच थोडी उरली आहे. काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड ही त्यांनी बांधलेली देखणी मंदिरे प्रार्थनेसाठी चालू आहेत ती मुख्यतः बेने इस्राएली लोकांच्या हजेरीवर. ज्यांना कधी मोजले जात नव्हते त्यांनी ती मंदिरे तगवली आहेत.

माझा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. वारसा म्हणून जतन करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगरंगोटी, माहितीफलक, तिकीटखिडकी येते. केरळात पारूर आणि चेंदमंगलम इथली प्रार्थनामंदिरे राज्य सरकारने निगुतीने दुरुस्त केली, ती आज संग्रहालये आहेत, आणि तिथे ते योग्यच झाले, कारण तिथला समाज जवळजवळ सगळा १९५० च्या दशकातच निघून गेला होता. त्याच केरळात मट्टांचेरीच्या कडवुंभागम मंदिराचे लाकडी अंतरंग १९९० च्या दशकात जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात नेऊन पुन्हा उभारले गेले, आणि मागे राहिलेले दगडमातीचे कवच २०१९ च्या पावसात कोसळले. अंतरंग एका देशात, कवच दुसऱ्या देशात, आणि प्रार्थना दोन्हीकडे नाही. महाराष्ट्रात समाज शिल्लक असताना आपण या वाटेने जाण्याची घाई का करावी?

कोणी म्हणेल, ठाणे-मुंबईचे ठीक आहे, पण रेवदंड्याच्या किंवा पेणच्या मंदिरात रोज दिवा कोण लावतो? तिथे दर शनिवारी मिनियान जमत नाही हे खरे आहे. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्याने कोकणातल्या आपल्याच घराकडे एकदा पाहावे. सिंधुदुर्गातली, रत्नागिरीतली कितीतरी घरे वर्षातले अकरा महिने कुलपात असतात. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून माणसे येतात, ओटी सारवली जाते, माळ्यावरची भांडी खाली येतात, आणि दहा दिवसांनी पुन्हा कुलूप लागते. त्या घराला कोणी पडीक म्हणत नाही. त्याचा मालक मुंबईत तीस वर्षे राहिला तरी गावचा मानकरी असतो, पालखी त्याच्या दारी थांबते. मग ठाण्याहून आणि इस्राएलच्या अश्दोदहून येणाऱ्या रेवदंडेकराने वर्षातून चार वेळा उघडलेले मंदिर आपण मृत का मानावे? एखाद्या धार्मिक जागेची हयात तिच्या रोजच्या हजेरीवर ठरवणे हा निकष शहरातला आहे. कोकणाचा निकष वेगळा आहे, आणि तो अधिक शहाणपणाचा आहे.

याच्या उलट बाजूलाही वजन आहे आणि ते मी झटकून टाकू इच्छित नाही. मंदिरांचे विश्वस्त बहुतेक वयस्क आहेत. कौले बदलायची, वाळवी लागलेले वासे काढायचे, राखणदाराला पगार द्यायचा, तर पैसा हवा, आणि वर्गणी देणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शहरातल्या काही जागांची आजची किंमत ऐकून छाती दडपते. तेव्हा दोन-तीन जागा विकून एकच भक्कम केंद्र उभे करावे आणि त्या पैशातून म्हाताऱ्या माणसांची देखभाल, मुलांचे शिक्षण पाहावे, असे समाजातलेच काही विचारी लोक म्हणतात. यात अप्रामाणिक काही नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे अशा स्थावर मिळकतीच्या विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ही तरतूद आहे म्हणून निदान रातोरात काही होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या निर्णयाच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या माणसांत त्या गावाच्या नावाचे आडनाव लावणारी, आज दुसरीकडे राहणारी कुटुंबेही असावीत. पेणच्या मंदिराविषयी पेणकरांना विचारले पाहिजे, मग ते डोंबिवलीत असोत की इस्राएलच्या दिमोनात. जागा एकदा गेली की वर्षातून चार वेळा येणाऱ्यांना यायला कारण उरत नाही, आणि मग ते खरोखरच येत नाहीत.

बायकांना मिनियानात मोजावे का, हा प्रश्नही अशा चर्चेत लगेच निघतो, कारण त्या संध्याकाळच्या बाकांवरच्या बायका मोजल्या असत्या तर पेणच्या बसची वाट पाहावी लागली नसती. माझ्या मनात तो तिथे बसल्या-बसल्याच आला होता. जगातल्या उदारमतवादी यहुदी पंथांनी स्त्रियांना मोजण्याचे ठरवले आहे, परंपरानिष्ठांनी नाही, आणि बेने इस्राएल मंदिरे बहुतांशी परंपरेने चालतात. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्येच ज्युइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था काढली होती, त्यामुळे हा विचार या समाजाला कोणी बाहेरून येऊन शिकवावा अशी स्थिती नाही. झिराडबाई कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या आणि पुढे पद्मश्रीने सन्मानित झाल्या. मी बाहेरचा माणूस आहे. या बाबतीत मत देण्याचा अधिकार माझा नाही, आणि सरकारचा तर त्याहून नाही. पण ज्या बायकांची मोजणी होत नाही त्यांनीच मनुकांचे सरबत केलेले असते, परात सजवलेली असते आणि मुलाला टोपी घालून वेळेवर मंदिरात पाठवलेले असते, हे मी पाहिले आहे आणि लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

सरकारच्या हातात जे आहे ते मात्र मोकळेपणाने मागायला हवे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला. तो योग्य होता आणि त्यासाठी समाजातल्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. केंद्राच्या १९९२ च्या कायद्याखाली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन यांना अधिसूचित केले आहे. यहुदी त्यात नाहीत. पारशी समाजाची संख्या घटते म्हणून केंद्राने २०१३ मध्ये 'जियो पारसी' योजना आणली. त्याहून कितीतरी लहान असलेला समाज केंद्राच्या यादीतच नसावा याचे समर्थन करता येणे कठीण आहे. जनगणनेच्या छापील तक्त्यांत हा समाज 'इतर धर्म' या रकान्यात जातो. दोन हजार वर्षे इथे राहून 'इतर' राहणे कोणालाही सलेल.

केंद्राची वाट न पाहता जिल्हा पातळीवर करता येण्याजोगी कामे आणखी सोपी आहेत. रायगड जिल्ह्यात विखुरलेल्या दफनभूमींची मोजणी करून त्यांच्या हद्दी सातबाऱ्यावर स्पष्ट नोंदवाव्यात, कुंपणे घालावीत. त्या दगडांवर एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी अक्षरे आहेत, आणि पावसाने ती दरवर्षी थोडी थोडी झिजत आहेत. दुसरी गोष्ट शनिवारची. गणवेशात आलेल्या त्या मुलाला पुढे महाविद्यालयात दर शनिवारी चाचणी असे. प्राध्यापकांना विनंती केली तर 'एका विद्यार्थ्यासाठी वेळापत्रक बदलता येत नाही' हे उत्तर मिळाले. ज्यांच्या पूर्वजांना सबंध गाव शनवार तेली म्हणून ओळखत होता, आणि त्या दिवशी तेल मिळणार नाही हे धरूनच घरातले सामान भरत होता, त्यांच्या नातवाला एक चाचणी सोमवारी देता येऊ नये, हे मला फार लागले. अडाणी म्हटल्या जाणाऱ्या त्या खेड्याला जे जमले ते शिकलेल्या संस्थेला जमले नाही.

आणि मराठी वाचकाचे देणे याहून मोठे आहे. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या सणाला वाचायची हगादा ही पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली, तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी लाटणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास या लोकांनी कीर्तन उचलले आणि अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्याने ओव्या-साक्यांत लावली. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाच्या मुलांसाठी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली, पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली. मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. ई. मोझेस यांच्या नावाच्या रस्त्याने महालक्ष्मीहून वरळीकडे रोज हजारो लोक जातात. यातले किती आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे? मराठी संतसाहित्याचा, शाहिरीचा, ख्रिस्तपुराणाचा अभ्यास विद्यापीठांत होतो, तसा यहुदी कीर्तनाचा नियमित अभ्यास का होऊ नये? इस्राएलमध्ये अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बेर्शेबा इथे मराठी बोलणारी घरे आहेत, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. पण तिथे जन्मलेली नातवंडे हिब्रूत उत्तर देतात, आणि ते स्वाभाविक आहे. मराठी मुलखातच जे नोंदवले गेले नाही ते तिकडे फार काळ टिकेल अशी आशा करता येत नाही.

कीर्तनाच्या चाली कागदावर उतरत नाहीत. त्या ज्यांच्या गळ्यात आहेत अशी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. मी स्वतः अशा दोन आजींना ओळखतो, एक ठाण्यात आणि एक अलिबागेत. दोघींना योसेफाचे आख्यान बऱ्यापैकी पाठ आहे, मात्र दोघींच्या चाली वेगळ्या आहेत, आणि कोणाची खरी यावरून त्यांचा फोनवर गोड वाद चालतो. कोकणातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एक ध्वनिमुद्रक, दोन विद्यार्थी आणि एसटीचे भाडे एवढ्यावर हे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करता येईल. दोघींची संमती मी आधीच विचारून ठेवली आहे. फक्त शनिवारी जायचे नाही.